अनुदान नेमके अडते कुठे? सोलापूर जिल्ह्यातील वाचकांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये शेतीच्या अनुदानांविषयीची पत्रे सर्वाधिक आहेत आणि ती करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत जिल्ह्याच्या सर्व बाजूंनी आलेली आहेत. बहुतेकांचा प्रश्न ‘पैसे कधी येणार’ असा आहे. तथापि पत्रे सलग वाचल्यावर असे दिसते की पैसे अडण्याचे कारण बहुधा तिजोरीत नसून उताऱ्यात, आधारच्या जोडणीत किंवा बिलावरच्या तारखेत दडलेले असते, आणि ते दुरुस्त करणे पुष्कळदा शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती असते. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रांचा मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न (सांगोला तालुका): माझी एकूण साडेतीन एकर जमीन आहे. त्यातील दोन एकरांत डाळिंबाची नवी लागण केली आणि पाणी कमी असल्याने थांबणे शक्य नव्हते म्हणून ओळखीच्या विक्रेत्याकडून ठिबकचा संच घेऊन बसवला. ‘आधी बसवा, अर्ज मागून करू, ऐंशी टक्के मिळतात’ असे त्याने सांगितले. आता अर्ज मंजूर होऊन पूर्वसंमती आली आहे, परंतु बिल तिच्या आधीच्या तारखेचे आहे. विक्रेता नव्या तारखेचे बिल देण्यास तयार आहे. ते चालेल का? ५५,००० रुपये खर्च झाला, म्हणजे ४४,००० मिळतील ना?

उत्तर: तुमच्या पत्रात दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि दोहोंची उत्तरे तुम्हाला फारशी आवडणार नाहीत.

पहिला प्रश्न तारखेचा. सूक्ष्म सिंचनाच्या अनुदानाचा क्रम ठरलेला आहे: महाडीबीटी या शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज, निवड, कागदपत्रांची छाननी, पूर्वसंमती (म्हणजे खरेदीआधीची मंजुरी), त्यानंतर खरेदी, बिल अपलोड करणे, मोका तपासणी (शेतावर येऊन केलेली पाहणी) आणि शेवटी खात्यावर रक्कम. पूर्वसंमतीच्या आधी घेतलेला संच या योजनेत बसत नाही. नव्या तारखेचे बिल करून घेणे ही पळवाट नव्हे, तो खोटा दस्तऐवज आहे. विक्रेत्याचे वस्तू व सेवा कराचे विवरण, संच कारखान्यातून निघाल्याची नोंद आणि तुमचे बिल या तीन तारखा एकमेकींशी जुळाव्या लागतात. त्या जुळल्या नाहीत तर वसुलीची नोटीस विक्रेत्याच्या नव्हे, तुमच्या नावाने निघेल. बसवलेल्या दोन एकरांचा अर्ज रद्द करावा आणि उरलेल्या दीड एकरावर ठिबक करायचे असल्यास त्याच क्षेत्रासाठी नवा अर्ज करावा, असे माझे मत आहे. नुकसान होईल, परंतु ते एकदाच होईल.

दुसरा प्रश्न ऐंशी टक्क्यांचा. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. त्यावर राज्य शासन मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे २५ आणि ३० टक्के पूरक अनुदान देते. अशा रीतीने पहिल्या गटाला एकूण ८० टक्के आणि दुसऱ्या गटाला ७५ टक्के मिळतात, तेही कमाल ५ हेक्टरपर्यंत. मात्र ही टक्केवारी तुमच्या बिलावर मोजली जात नाही. पिकाच्या दोन ओळींतील अंतर आणि क्षेत्र यांवरून शासनाने खर्चाचे मापदंड ठरवलेले आहेत. ऊस जवळच्या ओळींचा असल्याने त्याला नळी जास्त लागते आणि मापदंडही मोठा असतो, ४.५ बाय ३ मीटरवरच्या डाळिंबाला नळी कमी लागते, म्हणून मापदंडही लहान. समजा तुमच्या दोन एकरांसाठी मापदंडानुसार ४२,००० रुपये खर्च धरला गेला, तर अनुदान ३३,६०० रुपयांचे होईल. बिल ५५,००० चे असो वा ७०,००० चे. विक्रेते ‘ऐंशी टक्के’ एवढेच सांगतात आणि ते कशाचे ऐंशी टक्के हे सांगण्याचे सोयीस्करपणे विसरतात.

तुम्ही अल्पभूधारक आहात की नाही हे एका सातबाऱ्यावरून ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे. त्यासाठी ८-अ उतारा (खातेदाराच्या नावावरील गावातील सर्व जमीन दाखवणारा) पाहतात आणि तुमच्या नावावरील सर्व गावांतील क्षेत्र मिळून २ हेक्टरच्या आत असावे लागते. साडेतीन एकर म्हणजे सुमारे १.४ हेक्टर, म्हणजे तुम्ही आत आहात. परंतु मूळ गावी वडिलोपार्जित हिस्सा तुमच्या नावावर असेल तर तोही त्यात धरावा.

नवा अर्ज कराल तेव्हा मोका तपासणीच्या दिवशी शेतावर स्वतः हजर राहावे. तपासणीला आलेले सहाय्यक कृषी अधिकारी (आपण ज्यांना अजून कृषी सहायकच म्हणतो) गट नंबर जुळवतात, ओळी आणि नळ्या मोजतात, फिल्टर व व्हेंचुरी (नळीतून खत सोडण्याचे साधन) प्रत्यक्ष बसवले आहेत का ते पाहतात आणि तुम्हाला संचाजवळ उभे करून अक्षांश-रेखांशासह छायाचित्र घेतात. नळीवर ठरावीक अंतराने आयएसआय चिन्ह आणि उत्पादकाचे नाव छापलेले असते. ते बिलावरील कंपनीशी जुळते का, हे तपासणीची वाट न पाहता नळी अंथरण्यापूर्वीच बघावे. बिल एका कंपनीचे आणि नळी दुसऱ्याच कुणाची, असा प्रकार सांगोल्यात आणि पंढरपुरातही घडल्याचे वाचकांनी कळवले आहे. कोऱ्या अर्जावर किंवा कोऱ्या संमतीपत्रावर सही तर कुणालाही करून देऊ नये. आणखी एक गोष्ट: केंद्राचा आणि राज्याचा हिस्सा वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून (सरकारी खर्चाच्या खात्यांतून) येत असल्याने दोन रकमा दोन वेगळ्या दिवशी जमा होऊ शकतात. पहिली रक्कम कमी दिसली म्हणून लगेच तक्रार करण्याची घाई नको.

प्रश्न (अक्कलकोट तालुका): पीएम किसानच्या संकेतस्थळावर हप्ता ‘यशस्वी’ दिसतो, पण माझ्या पासबुकात नोंद नाही. बँकेत तीन वेळा जाऊन आलो. पैसे गेले कुठे?

उत्तर: बहुधा तुमच्याच दुसऱ्या खात्यात. हे हप्ते आता खाते क्रमांकावर नव्हे, तर आधार क्रमांकावर पाठवले जातात आणि ज्या बँकेने तुमचे आधार थेट लाभासाठी सर्वात शेवटी जोडले त्या बँकेत ते जातात. कधीकाळी उघडलेले जनधन खाते, गॅस अनुदानासाठी काढलेले खाते किंवा एखाद्या पेमेंट बँकेच्या प्रतिनिधीने गावात येऊन अंगठा घेऊन उघडलेले खाते आठवून पाहा. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहता येते आणि तेथे बँकेचे नाव दिसते. त्या बँकेत जाऊन पैसे काढावेत आणि पुढे ज्या खात्यात पैसे हवेत त्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज नव्याने द्यावा. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते बँक निष्क्रिय करते. तसे असल्यास केवायसी करून ते आधी चालू करून घ्यावे लागेल.

प्रश्न (मोहोळ तालुका): वडील २०२२ मध्ये वारले. त्यांच्या नावावर पीएम किसानचे हप्ते येत होते आणि नंतरही काही हप्ते त्यांच्या खात्यात जमा झाले. आम्ही दोघे भाऊ आणि आई असे वारस आहोत. मी स्वतः २०२१ मध्ये शेजारची एक एकर जमीन विकत घेतली आहे. आता लाभ कुणाकुणाला मिळेल? धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे.

उत्तर: या एका पत्रात योजनेचे जवळजवळ सर्व नियम आले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू आहे आणि वर्षाला ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत मिळतात. सुरुवातीला ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती. २०१९ च्या जूनपासून क्षेत्राची मर्यादा काढली गेली. जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी शेतकऱ्याच्या नावावर असली पाहिजे, हा मात्र मूळ नियम आहे. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवरून नवा लाभ मिळत नाही, म्हणून तुमच्या २०२१ च्या खरेदीचा येथे उपयोग नाही. या नियमाला एकच अपवाद आहे: खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने जमीन आली असेल, तर तारीख उलटून गेली तरी वारस पात्र ठरतो. तुमचा हक्क याच अपवादातून येतो.

वारसांपैकी पात्र कोण, हे ‘कुटुंब’ या व्याख्येवरून ठरते. पती, पत्नी आणि त्यांची अज्ञान अपत्ये मिळून एक कुटुंब होते. तुम्ही, तुमची पत्नी आणि लहान मुले हे एक कुटुंब, त्याला एक लाभ. पत्नीच्या नावेही सातबारा असला तरी दोघांनी वेगवेगळा लाभ घेणे नियमबाह्य आहे. आईंचे नाव वारस म्हणून उताऱ्यावर लागले असेल तर त्या स्वतंत्रपणे अर्ज करू शकतात. धाकट्या भावांना मिळणार नाही. सेवेत असलेले किंवा निवृत्त झालेले शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारी योजनेतून वगळले आहेत आणि त्यात फक्त चतुर्थ श्रेणीला सूट आहे. आयकर भरणारे, दरमहा १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, तसेच नोंदणीकृत व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल हेही वगळलेले आहेत. भाऊ म्हणतील की ‘माझा हिस्सा तर उताऱ्यावर आहे’. हिस्सा आहे, पात्रता नाही.

हे सर्व घडण्यासाठी आधी वारस नोंद हवी. तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या सातबाऱ्यावर अजून वडिलांचेच नाव आहे, म्हणजे इतकी वर्षे हे काम राहून गेले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार हक्क प्राप्त झाल्याची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता ग्राममहसूल अधिकारी) द्यायची असते. उशीर झाला तरी नोंद होते, अडत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांविषयीचे स्वयंघोषणापत्र आणि सर्व वारसांची नावे देऊन ग्राममहसूल अधिकाऱ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करावा. गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नावे चढतात, मग फेरफार (हक्कबदलाची नोंद) धरला जातो, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. आईंचे आणि बहिणींचे नाव वगळून भावांनीच नोंद करून घेण्याची रीत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. तुम्ही बहिणीचा उल्लेख केलेला नाही. असल्यास तिचेही नाव द्यावे, नाहीतर पुढे फेरफाराला हरकत येऊन सगळेच लांबते.

वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या खात्यात जमा झालेले हप्ते परत करायचे असतात. ते स्वतःहून तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या मार्गदर्शनाने भरून पावती घ्यावी. नंतर वसुली निघाल्यास तुमच्या नव्या अर्जातही अडचण येईल. मंजूर झालेला लाभ पीएम किसानचा असला की राज्याच्या ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’चे ६,००० रुपये वेगळा अर्ज न करता त्याला जोडून येतात. या निधीचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथे वितरित झाला. पीएम किसानमध्ये नाव नसेल तर नमोचाही प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न (मंगळवेढा तालुका): जमीन माझ्या नावे आहे. गावातील इतर बायकांना लाडकी बहीण योजनेचे १,५०० मिळतात, मला ५०० च आले. कुणी कापले?

उत्तर: कुणी कापले नाहीत, ताई. पीएम किसान आणि नमो मिळून तुम्हाला वर्षाला १२,००० म्हणजे महिन्याला १,००० रुपये शासनाकडून मिळतात, आणि अशा लाभार्थी महिलांना लाडकी बहीण योजनेतून १,५०० पर्यंतचा फरक, म्हणजे ५०० रुपयेच दिले जातात. तुम्ही ट्रॅक्टरविषयीही विचारले आहे. महिला म्हणून, तसेच अल्प-अत्यल्प भूधारक किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकरी म्हणून कमाल १,२५,००० रुपये आणि इतरांना कमाल १,००,००० रुपये अनुदान आहे. ट्रॅक्टर तुमच्या नावावरच नोंदवला गेला पाहिजे, घरातील पुरुषाच्या नव्हे. पूर्वसंमतीचा नियम येथेही तोच आहे.

प्रश्न (बार्शी तालुका): २०२३ साली कांद्याला ३५० रुपये अनुदान जाहीर झाले होते. माझ्या शेजाऱ्याला मिळाले, माझा अर्ज नामंजूर झाला. आम्ही दोघांनी एकाच टेंपोतून सोलापूरला कांदा नेला होता. असे कसे होऊ शकते?

उत्तर: त्या हंगामाची आठवण बार्शीच्या वाचकांना करून देण्याची गरज नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुमच्याच तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूर बाजारात विकला आणि हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा धनादेश पडला. ही बातमी देशभर गेली. त्यानंतर शासनाने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात बाजार समित्या, खासगी बाजार, थेट पणन परवानाधारक किंवा नाफेडकडे विकलेल्या लेट खरीप लाल कांद्यासाठी क्विंटलला ३५० रुपये, एका शेतकऱ्यास कमाल २०० क्विंटलपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ७०,००० रुपये देण्याचे ठरवले.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी आहेत ज्यांवरून कारण कळते. पहिली, ‘कांदा दोघांचा, पट्टी एकाच्या नावे’ असे तुम्हीच लिहिले आहे. आडत दुकानात हिशेबपट्टी तयार होताना सर्वात वर शेतकऱ्याचे नाव आणि गाव, त्याखाली गोण्या, वजन, दर आणि मग एकेक खर्च वजा होत जातो. एका टेंपोत तिघांचा माल असला तर ड्रायव्हर ज्याचे नाव सांगेल त्याच्या नावे एकच पट्टी होणे आपल्याकडे रोजचे आहे, कारण मालकांना आपापसांत हिशेब करायला काहीच अडचण नसते. अनुदानाच्या अर्जाला मात्र तीच पट्टी पुरावा म्हणून लागली आणि पट्टीवर ज्याचे नाव त्यालाच रक्कम मिळाली. सातबारा वडिलांच्या नावे आणि पट्टी मुलाच्या नावे असली तरी शपथपत्र द्यावे लागत होते; येथे तर दोन वेगळी घरे होती.

दुसरी गोष्ट सातबाऱ्यावरील कांद्याच्या नोंदीची. ई-पीक पाहणी (शेतकऱ्याने मोबाइलवरून स्वतः पिकाची नोंद करणे) १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, परंतु २०२३ पर्यंत पुष्कळ शेतकऱ्यांनी ती गांभीर्याने घेतलेली नव्हती. अनुदानासाठी ही नोंद अट म्हणून ठेवल्यावर ओरड झाली आणि नंतर तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांच्या समितीने पाहणी करून दाखला देण्याची सवलत मिळाली. शेत रिकामे झाल्यावर, म्हणजे कांदा काढून विकल्यानंतर, तो तेथे होता हे समितीला कशावरून पटावे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि मला तरी त्या व्यवस्थेत प्रामाणिक शेतकरी आणि ओळखीचा शेतकरी यांत फरक राहील अशी खात्री वाटली नव्हती. या हंगामापासून पेरणीनंतर दिलेल्या मुदतीत स्वतःच्या मोबाइलवरून शेतात उभे राहून पिकाचा फोटो चढवावा. पुढे कांद्याला, उडदाला वा तुरीला काही जाहीर झाले, तर त्या दिवशी शासन शेतात येऊन पाहत नाही, नोंद पाहते. आणि पट्टी प्रत्येकाने आपल्या नावे वेगळी घ्यावी, मग गोणी दोनच का असेनात.

प्रश्न (पंढरपूर तालुका): मी दहा वर्षे खंडाने शेती करतो. मालक पुण्यात राहतात आणि पीएम किसानचे पैसे त्यांना मिळतात. मला काही मिळू शकते का?

उत्तर: पीएम किसान आणि नमो यांचा लाभ सातबाऱ्यावरील नावाला आहे, कसणाऱ्याला नाही. हे मला न्याय्य वाटत नाही, पण नियम तसा आहे. पीक विम्याचे वेगळे आहे: प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खंडकरी आणि बटईदारही भाग घेऊ शकतात, मात्र आपल्या राज्यात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. एक रुपयात विम्याची सोय खरीप २०२५ पासून बंद झाली असून आता खरिपासाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के हप्ता भरावा लागतो. मालक करार नोंदवायला कचरतात, कारण कूळ लागेल अशी जुनी भीती त्यांच्या मनात असते. त्यांच्याशी एकदा वकिलासमोर बसून बोलावे.

प्रश्न (माढा तालुका): सप्टेंबर २०२५ च्या सीनेच्या पुरात माझी एक एकर जमीन गेली आणि दोन एकर सोयाबीन सडले. शेजारच्या शेतकऱ्याला जमिनीसाठी माझ्यापेक्षा दुपटीहून जास्त दर लागला. पंचनामा एकाच दिवशी झाला होता.

उत्तर: एकाच दिवशी झाला असला तरी दोघांच्या पंचनाम्यातील शेरा एकच आहे का, ते आधी पाहावे. आपत्ती मदतीच्या निकषांत जमिनीवर साचलेला गाळ काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये आणि जमीन खरडून किंवा वाहून गेल्यास हेक्टरी ४७,००० रुपये असे दोन वेगळे दर आहेत. सीनेच्या काठावर एकाच बांधाच्या अलीकडे माती वाहून जाऊन मुरूम उघडा पडला आणि पलीकडे ती साचली, असे घडलेले आहे. एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर, पहिल्या दराने ७,२०० आणि दुसऱ्या दराने १८,८०० रुपये होतात. तुमची माती वाहून गेलेली असताना ‘गाळ साचला’ अशी नोंद झाली असेल, तर तहसीलदारांकडे फेरपाहणीची लेखी मागणी करावी आणि पुराच्या दिवसांतील मोबाइलमधील फोटो तारखेसह जोडावेत. खरडलेल्या जमिनीसाठी जाहीर झालेले हेक्टरी ३ लाख रुपये हे मात्र रोख नाहीत. ते रोजगार हमीतून माती भरण्याच्या कामावर खर्च व्हायचे आहेत. त्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत कामाची मागणी नोंदवावी लागते.

सोयाबीन कोरडवाहू असल्यास हेक्टरी ८,५०० रुपयांचा दर आहे. दोन एकरांचे, म्हणजे ०.८० हेक्टरचे ६,८०० रुपये होतात. बागायती पिकांना १७,००० आणि बहुवार्षिक फळबागांना २२,५०० असा हेक्टरी दर असून कमाल मर्यादा ३ हेक्टर धरली गेली. रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे जाहीर झाले होते. पिकाच्या किमतीच्या मानाने हे आकडे तुटपुंजे आहेत, यावर वाद नाही.

रक्कम अद्याप आली नसेल तर दोन शक्यता तपासाव्यात. शेतकरी ओळख क्रमांक (हा १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी बंधनकारक झाला आहे) ज्यांनी काढला होता त्यांचे पैसे थेट जमा झाले. इतरांना पंचनाम्याच्या यादीतील विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर ई-केवायसी करावी लागली. तुमचे जमिनीचे खाते चुलत्यांसोबत सामाईक असेल, तर सर्वांचे संमतीपत्र दिल्याशिवाय रक्कम कुणाच्याच खात्यात पडत नाही. माढ्यातून आलेल्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच जणांचे कारण हेच निघाले.

प्रश्न (करमाळा तालुका): आमच्या गावात कुणी किती अनुदान घेतले हे कळण्याचा काही मार्ग आहे का? निवृत्तिवेतन घेणारे आणि शहरात बंगले असणारे लोकही यादीत आहेत असे सगळे बोलतात. विचारले की ‘तुला काय करायचंय’ असे ऐकावे लागते.

उत्तर: मार्ग आहे आणि विचारण्यात गैर काही नाही. पीएम किसानच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडले की लाभार्थ्यांची गावनिहाय यादी उघडते. ती ग्रामपंचायतीत लावावी, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. ठिबक, शेततळे, यंत्रे, फळबाग यांची यादी मात्र इतक्या सहज मिळत नाही. तेथे माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ उपयोगी पडते. त्यातील पोटकलम (१)(ख)(xii) प्रमाणे अनुदान कार्यक्रम कसे राबवले, त्यांना किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हा तपशील प्रत्येक कार्यालयाने कुणी न मागताही प्रसिद्ध करायचा आहे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांना भेटून ‘कलम ४ खालील यादी दाखवा’ असे म्हणावे. नम्रपणे आणि कलमासह विचारल्यास पुष्कळदा तेवढ्यावर काम होते.

न झाल्यास अर्ज करावा, परंतु तो नीट बांधून. ‘गावातील सर्व अनुदानांची माहिती द्या’ असा अर्ज कुणीही टोलवील. योजनेचे नाव, एक किंवा दोन आर्थिक वर्षे, गाव, आणि हवे असलेले रकाने, म्हणजे लाभार्थ्याचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, मंजूर रक्कम व अदा केल्याचा दिनांक, एवढेच मागावे. आधार, मोबाइल आणि खाते क्रमांक मागू नयेत. ते मिळणार नाहीत, मिळूही नयेत, आणि त्यांच्यामुळे वैयक्तिक माहितीचे कारण दाखवून सगळा अर्ज फेटाळण्याची संधी कार्यालयाला आयती मिळते. यादीत अपात्र नाव आढळल्यास गावात भांडण न करता तालुका कृषी अधिकाऱ्यांना, आणि तेथे दखल घेतली गेली नाही तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. आयकर भरणाऱ्या लाभार्थ्यांकडून राज्यात यापूर्वी तहसीलदारांमार्फत वसुली झालेली आहे, तेव्हा तक्रार वाया जाईल असे समजू नये. मात्र तक्रारीत ‘असे सगळे बोलतात’ हे वाक्य चालणार नाही. त्या व्यक्तीने कोणत्या कार्यालयातून निवृत्ती घेतली, एवढे तरी लिहावे.

माहिती अधिकाराच्या अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ते लागत नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास त्यानंतरच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातील किंवा वरिष्ठ कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अर्ज देताना पोच म्हणून आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.